पाखरू आहे का

गभणे मालकांच्या स्पीकरमधून
घूं असा आवाज येत होता,
म्हणून मला बोलावलं.
अर्थिंग, मी म्हटलं. न पाहताच.
चुलबंदच्या अंगाची रेताड जमीन,
तिच्यात करंट मुरत नाही.
सहा फूट खड्डा, तांब्याची पट्टी,
कोळसा, दहा किलो खडे मीठ,
वर बादलीभर पाणी.
घूं गेली.

मग आत बोलावलं, चपला काढून.
खोलीत खुर्ची एकच.
भिंतींना घोंगड्यासारखं काहीतरी डकवलेलं,
आणि समोर ते दोघे,
माझ्या खांद्याइतके, शिसवी, गप्प,
सोयरीक जुळवायला आलेले दोन व्याही जसे
आधी कोण बोलतो याची वाट पाहत.

बेचाळीस लाख.
जोडीचे, म्हणाले, एकाचे नाही.
जसं काही मी एकच घेणार होतो.
केबल वेगळी, धामणीएवढी जाड,
तिच्या किमतीत माझं दुकान, दुकानामागचं घर
आणि वडशाच्या नाटकांना लावतो ते सोळाही डबे
येऊन वर चिल्लर उरली असती.

माझ्या डब्यांतले फाटके कोन मी
लग्नपत्रिकांच्या जाड कागदानं सांधतो.
डिंक, आणि दिवसभर ऊन.
नायक रडला की शेवटच्या रांगेतली म्हातारी रडते.
एवढंच त्यांचं काम. ते होतं.

"बस," मालक म्हणाले. खुर्चीत. मला.
स्वतः उभे राहिले, दाराला टेकून.
"चाळीस वर्षं राइस मिलमंदी काढली, बिसन.
हलरनं कान खाल्ले.
नागपूरच्या डॉक्टरनं कागदावर रेघ काढून दाखवली,
इथवर येते, इथून पुढं नाही.
वरचं वरचं मले येतच नाही गा.
तू ऐक. अन् सांग,
पैसे पाण्यात गेले का."
मग घेतले कायले, मालक?
"डॉक्टरकडं नंतर गेलो."

एक बाई गात होती, भाषा कुठली कोण जाणे.
पायलीनं धान मोजावं तसा मी सांगत गेलो:
ती आता श्वास घेते.
पेटीवाल्याची एक पट्टी सैल आहे,
दाबली की खट्ट करते.
झांज वाजली. थांबली.
थांबल्यावर अजून आहे.
"कुठवर?"
आहे. आहे. अजून थोडी.
आता गेली.
मालकांनी बोटांवर मोजलं, सात.
सातवं बोट धरून
बराच वेळ तसेच उभे राहिले.

तेव्हापासून मंगळवारी जातो.
ऐकण्याचे दोनशे, वर चहा.
बायको म्हणते, लोक काम करून राहिले
अन् तुमी खुर्चीत बसून राहिले.

एका मंगळवारी सांगायला काही उरलं नाही.
तीच बाई, तीच पट्टी, तेच सात.
मालकांचं तोंड माझ्याकडे लागलेलं.
मी म्हटलं, मागं कुठंतरी,
खिडकीबाहेर असेल,
पाखरू बोलते.
"कोणतं?"
लहान. टिटवी नाही. लहान.

आता ते आधी तेच विचारतात,
पाखरू आहे का?
आहे, मालक.

परवा माझ्याआधीच त्यांनी हात वर केला,
डोळे मिटलेले.
"थांब. आलं. मलेही आलं."
खोलीत बाईचा श्वास होता, पट्टीचं खट्ट होतं.
बाकी काही नव्हतं,
मी शपथेवर सांगतो.

बेचाळीस लाखांत ते धरलेलं होतं
की त्याचे वेगळे पडले,
हा हिशोब मला जमत नाही.
निघताना अर्थिंगच्या खड्ड्यात
बादलीभर पाणी ओतून आलो.
उन्हं वाढलीत.
जमीन सुकली
की घूं परत येते.